विटांची शहरं, तिरपी उन्हं

कॅमेरा घेऊन उत्तर इटलीला निघालेल्या माणसाला जो तो व्हेनिसच सुचवतो. व्हेनिसला जाऊ नका असं कोण म्हणेल? पण तिथला प्रत्येक पूल, प्रत्येक गोंडोला इतक्या वेळा टिपून झालाय की आपल्या वाट्याला उरते ती उजळणी. मला त्यापेक्षा पो नदीच्या मैदानातली जुनी शहरं जास्त आवडतात. बोलोन्या, रावेन्ना, फेरारा, मांतोवा, पादोव्हा. बोलोन्यात मुक्काम टाकला तर यातलं कुठलंही शहर साध्या लोकल गाडीने दोन तासांच्या आत गाठता येतं आणि संध्याकाळी परतही येता येतं.

या शहरांचा रंग ठरवला तो पायाखालच्या मातीने. उत्तरेला आल्प्स, दक्षिणेला अपेनाइन्स, आणि मध्ये नद्यांनी हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ. इथे खाणीचा दगड नाही, माती मात्र पाहिजे तेवढी. त्यामुळे किल्ला असो, मनोरा असो की चर्च, सगळं भाजक्या विटांचं. संगमरवर लांबून, नदीकालव्यांतून नावांनी आणावा लागे. तो महाग, म्हणून दर्शनी बाजूलाच लावायचा. आणि पैसे संपले की काम तिथेच थांबायचं. बोलोन्याच्या मुख्य चौकातलं सान पेत्रोनिओ चर्च बघा. १३९० मध्ये बांधायला घेतलं. दर्शनी भिंत खाली गुलाबी-पांढऱ्या संगमरवराची आणि वर उघड्या विटांची, सगळी खाचाखोचांची. सहाशे वर्षांत कुणी ती पूर्ण केली नाही. मला विचाराल तर बरंच झालं. या सबंध प्रदेशाची हकिकत त्या एका भिंतीवर वाचता येते.

फोटोसाठी वीट आणि संगमरवर यांचा स्वभाव अगदी उलटा. दुपारच्या उन्हात वीट मेल्यासारखी मातकट दिसते आणि संगमरवर इतका चकाकतो की फोटोत तिथे नुसता पांढरा ठिपका उरतो. सूर्य खाली उतरला, उन्हं तिरपी झाली की वीट आतून पेटल्यासारखी लाल होते. प्रत्येक विटेची कड, प्रत्येक सांध्यातला चुना वेगळा दिसायला लागतो. म्हणून इथे दिवसाची आखणी सोपी आहे. सकाळचा आणि संध्याकाळचा तास रस्त्यावर, मधला वेळ भिंतींच्या आत. आतली चित्रं नि मोझेक अशी आहेत की मधला वेळ पुरत नाही.

हंगामाबद्दल माझं मत पक्कं आहे: ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य. उन्हाळ्यात या मैदानात दमट उकाडा असतो, सूर्य रात्री नऊपर्यंत मावळत नाही आणि चांगल्या उजेडाची वाट बघता बघता जेवणाची वेळ टळून जाते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि सूर्यास्त एकदम पाचच्या आसपास येतो. पाचला फोटो, सहाला कॉफी, आठला जेवण. धुकं पडेल, पडू दे. लुइजी गिर्री (१९४३–१९९२) हा इथलाच छायाचित्रकार. त्याने आयुष्यभर याच मैदानाचे फिकट, धुरकट, जवळजवळ काहीच घडत नसलेले फोटो काढले. निघण्याआधी त्याचं एखादं पुस्तक चाळावं. मग निळंशार आकाश न मिळाल्याची तक्रार आपण करत नाही.

बोलोन्या म्हणजे ओवऱ्यांचं शहर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, घरांच्या खालून, कमानींच्या ओवऱ्या. सगळ्या मोजल्या तर लांबी ६२ किलोमीटर भरते, आणि २०२१ मध्ये त्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली. यांचा जन्म जागेच्या टंचाईतून झाला. इथलं विद्यापीठ १०८८ चं, युरोपातलं सगळ्यात जुनं मानतात. विद्यार्थी वाढले, राहायला खोल्या कमी पडायला लागल्या, तेव्हा लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खालून लाकडी खांबांचा टेकू दिला. नगरपालिकेने हे अतिक्रमण पाडण्याऐवजी १२८८ मध्ये उलट नियमच केला की प्रत्येक घराला ओवरी हवी, तिची उंची घोड्यावर बसलेला माणूस जाईल इतकी हवी, आणि जागा मालकाची असली तरी वाट सगळ्यांची. स्त्रादा माज्जोरे या रस्त्यावरच्या कासा इझोलानीला अजून ते जुने ओकचे खांब आहेत, नऊ-नऊ मीटर उंच, काळे पडलेले. त्यांच्यावर हात ठेवून बघावा. लाकूड आता दगडासारखं गार लागतं.

कॅमेऱ्याला या ओवऱ्या अवघड जातात. आत काळोख, बाहेर लख्ख ऊन, आणि दोन्ही एकाच चौकटीत. बाहेरचं मोजमाप धरलं तर आतला माणूस काळा. आतलं धरलं तर रस्ता पांढरा. यावर एकच चित्र कमीजास्त उजेडात तीनदा घेऊन नंतर जोडायचा उपाय आहे, पण त्याने ओवरीतली सावलीच मरते. मी काळोखाला काळोख राहू देतो. खांबांमधून फरशीवर पडलेले उजेडाचे पट्टे नेमके धरायचे आणि त्यातल्या एका पट्ट्यात कुणाचं तरी पाऊल पडेपर्यंत थांबायचं. दुपारच्या वेळी बाहेर फोटो काढण्यासारखी ही एकच जागा, आणि पावसात तर विचारूच नका. सारं गाव कोरडं राहून फिरत असतं.

वेशीबाहेर, डोंगरावरच्या सान लुका देवळापर्यंत जाणारी ओवरी ३.८ किलोमीटर लांब आहे. ६६६ कमानी. मे महिन्यात मेरीचं चित्र याच वाटेने मिरवत शहरात आणतात, आणि आणणाऱ्यांना पाऊस लागू नये हाच ती बांधण्यामागचा हेतू. मेलोन्चेल्लोच्या कमानीपासून पुढे चढ सुरू होतो, ओवरी वळणं घेत पायऱ्यापायऱ्यांनी वर जाते. इथे सगळे रुंद लेन्स लावतात. जरा लांब पल्ल्याची लावून बघा: वळणावरच्या कमानी एकमेकींत बसतात आणि धावपटू, म्हाताऱ्या बायका, कुत्री, सगळे त्या कमानींच्या बोगद्यात एकावर एक रचल्यासारखे दिसतात.

मग ते दोन मनोरे. आझिनेल्ली ९७ मीटर, गारिसेंदा ४८. बाराव्या शतकात श्रीमंत घराण्यांनी एकमेकांच्या नाकावर टिच्चून असे कितीतरी मनोरे उभारले होते; ही जोडी सगळ्यात प्रसिद्ध. ऑक्टोबर २०२३ मध्ये गारिसेंदाची हालचाल काळजी करण्याजोगी वाटल्याने आसपासचा भाग बंद केला आणि शेजारच्या आझिनेल्लीच्या ४९८ पायऱ्याही बंद झाल्या. दुरुस्ती वर्षानुवर्षं चालणारी आहे, त्यामुळे वरून शहर बघायचं तर मुख्य चौकातला घड्याळाचा मनोरा चढावा. खालून फोटो काढताना एक गंमत होते. कॅमेरा वर तोंड करून धरला की सरळ इमारतीही आत झुकतात, मग गारिसेंदा खरोखर कललाय हे कुणाला पटणार? कॅमेरा अगदी आडवा धरावा, लांब मागे जावं, आणि चौकटीत एक तरी नक्की सरळ उभी रेघ ठेवावी. या कलण्याचा खेळ कवी दान्तेच्याही डोळ्यांत भरला होता. ‘इन्फर्नो’मध्ये त्याने गारिसेंदाचा दाखला दिलाय: वरून ढग सरकला की मनोराच अंगावर येतोय असा भास होतो. ढगाळ दिवशी खाली उभं राहून बघा, आजही होतो.

सान पेत्रोनिओच्या आत मात्र फोटोग्राफरने मुद्दाम जावं, तेही दुपारी. जमिनीवर जवळपास ६७ मीटर लांब पितळी रेघ आहे. १६५५ मध्ये जोव्हान्नी दोमेनिको कास्सिनी या खगोलशास्त्रज्ञाने ती आखली. शनीच्या कड्यांमधल्या फटीला ज्याचं नाव आहे तोच हा. छतात, २७ मीटर उंचीवर, २७ मिलिमीटरचं एक भोक. त्यातून सूर्याचं बिंब खाली येतं आणि खऱ्या मध्यान्हीला त्या रेघेवरून जातं. म्हणजे हे अख्खं चर्च एक पिनहोल कॅमेरा आहे. आपल्या लेन्सा एफ २२ ला दम तोडतात. ही उंची आणि हे भोक यांचं गुणोत्तर एक हजार! कास्सिनीने वर्षभर बिंबाचा आकार मोजला आणि सूर्याचा वेग खरोखर कमीजास्त होतो, नुसता तसा भास होत नाही, हे केप्लरचं म्हणणं पडताळून दाखवलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाराच्या सुमारास तिथे उभं राहिलं की फरशीवर लांबट तेजस्वी अंडाकृती ठिपका दिसतो आणि तो सरकताना नुसत्या डोळ्यांनी कळतो. शाळेची मुलं त्यावर पाय ठेवायला धडपडतात.

बोलोन्याहून रावेन्नाची गाडी लूगो सोडल्यावर सेनियो नदी ओलांडते. नदी कसली, ओढाच. पण दोन्ही काठांना पुराला अडवणारे मातीचे उंच बांध आहेत. डबा अर्धा रिकामा असतो, कुणी खिडकीबाहेर बघतही नाही. दुसऱ्या महायुद्धात, ९ एप्रिल १९४५ ला, या नदीवर आठव्या भारतीय डिव्हिजनचा हल्ला झाला. त्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव होते. नगर जिल्ह्यातल्या निमजचे, वय तेवीस. सोबतचे बहुतेक जण पडल्यावर त्यांनी जखमींना पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे नेलं, आणि परत एकटेच पुढे गेले. हाताला गोळी लागून टॉमीगन चालवता येईना, तेव्हा हातबॉम्ब घेतले. शत्रूच्या मशिनगनांच्या जागा गप्प केल्यावर ते त्या बांधाच्या माथ्यावर चढले आणि मराठ्यांची रणगर्जना देत उरलेल्यांना पुढे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तो घ्यायला ते जिवंत होते, हे विशेष. फोर्लीला भारतीय सैनिकांचं युद्धस्मशान आहे. गाडीच्या खिडकीतून फोटो घेतला तर येतो एक गवताळ बांध, बाकी काही नाही. तरी मी तो ठेवलाय.

रावेन्ना वरवर बघता बोलोन्याच्या पासंगालाही पुरत नाही. सपाट, शांत, सायकलींचं गाव. ४०२ मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी इथे आली, कारण भोवती दलदल होती आणि शत्रूला ती ओलांडणं जड होतं. नंतर गॉथ आले, मग बायझंटाइन. तिघांनीही विटांच्या साध्या, जवळजवळ गोदामासारख्या इमारती बांधल्या आणि आत काचेचं आकाश लावलं. त्या काळातल्या आठ इमारती १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

मोझेक लांबून चित्रासारखं दिसतं, जवळ गेल्यावर कळतं ते किती वेगळं आहे. प्रत्येक तुकडा नखाएवढा किंवा त्याहून लहान. सोनेरी तुकडा म्हणजे काचेवर सोन्याचा वर्ख आणि त्यावर पुन्हा काचेचा पातळ थर. हे तुकडे कारागिरांनी एका पातळीत बसवलेले नाहीत. कुणी जरा खाली मान घातलेला, कुणी डावीकडे कललेला. त्यामुळे आपण पाऊलभर सरकलो की एक तुकडा विझतो आणि शेजारचा पेटतो. मेणबत्त्यांच्या हलत्या उजेडात तर सगळी भिंतच जागी होत असेल. फोटोला हे जमत नाही, तो एकच क्षण धरतो. पण एवढं करता येतं: भिंतीसमोर ठाकून उभं न राहता बाजूने, तिरपं बघायचं, आणि उजेड मुद्दाम थोडा कमी धरायचा. सोनं जळून गेलं की ते पिवळा रंग होऊन बसतं, कमी उजेडात मात्र त्याची धातूची जात दिसते.

गाल्ला प्लाचिदियाची समाधी बाहेरून इतकी बुटकी की लक्षही जाऊ नये. आत खिडक्यांना अलाबास्टरच्या पातळ फरश्या आहेत, त्यातून मधासारखा उजेड गळतो, आणि वर गडद निळं छत, त्यावर सोनेरी तारे. कॅमेऱ्याचं आपोआप रंग सुधारणारं बटण इथे बंद करा, नाहीतर तो हा मध धुऊन टाकेल. वेळ नेमून दिलेली असते, गर्दीच्या दिवसांत पाचच मिनिटं मिळतात. स्वतः गाल्ला प्लाचिदिया ४५० मध्ये रोममध्ये वारली आणि बहुधा इथे पुरलेली नाहीच. शेजारच्या सान व्हिताले चर्चमध्ये (५४७) सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा समोरासमोर उभे आहेत, लवाजम्यासह. जस्टिनियन रावेन्नाला कधी आलाच नाही. मोझेकमध्ये मात्र कायमचा मुक्कामाला आहे. लवाजम्यात एकाच माणसाच्या डोक्यावर नाव लिहिलंय, माक्सिमिआनुस. चर्चचं उद्घाटन करणारा बिशप तो. कार्यकर्त्यांचे फलक पाहत मोठे झालेल्या आपल्याला हे नवीन नाही.

दान्तेची समाधीही इथेच. फ्लोरेन्सने त्याला हाकललं, तो १३२१ मध्ये रावेन्नात वारला, आणि फ्लोरेन्सला अस्थी अजून मिळालेल्या नाहीत. समाधीतल्या दिव्यासाठी तेल मात्र दरवर्षी फ्लोरेन्सहून येतं. जवळच्या सान फ्रान्चेस्को चर्चचं तळघर भूजलात बुडालंय. पाण्याखाली मोझेकची फरशी आणि तिच्यावरून फिरणारे सोनेरी मासे. नाणं टाकलं की थोडा वेळ दिवा लागतो, म्हणून नाणं टाकण्याआधीच कॅमेरा जुळवून ठेवावा.

जेवायला इथल्या रोमान्या प्रदेशातला पिआदिना मिळतो, तव्यावर भाजलेली गव्हाची जाडसर पोळी, आत चीज नि पालेभाजी. शाकाहाऱ्यांनी एक विचारून घ्यावं: पारंपरिक कणकेत डुकराची चरबी असते. ऑलिव्ह तेलाचाही मिळतो.

फेरारावर मी फार रेंगाळणार नाही. एस्ते घराण्याचा १३८५ चा किल्ला भर गावात, चारी बाजूंना पाण्याने भरलेला खंदक. वारा पडला की विटांचं प्रतिबिंब पूर्ण उतरतं. ‘हिऱ्यांचा महाल’, म्हणजे पलाझो देई दिआमान्ती, त्याच्या भिंतीवर साडेआठ हजारांच्या आसपास टोकदार संगमरवरी ठोकळे. तिरप्या उन्हात एकेक ठोकळा अर्धा पांढरा, अर्धा करडा. कोपऱ्यावर उभं राहिलं की दोन्ही भिंती एकदम मिळतात. झालं.

मांतोवाला मात्र रात्र काढावी. बाराव्या शतकात मिन्चो नदी अडवून गावाभोवती तळी केली, आणि अजून गाव तीन बाजूंनी पाण्यात आहे. पूर्वेकडच्या सान जोर्जो पुलावरून किल्ला, घुमट, मनोरे असा सबंध गाव एका रेघेत येतो. पहाटे सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि विटा उजळतात. संध्याकाळी तोच सूर्य गावामागे जातो आणि नुसती काळी कड उरते. वरच्या तळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये कमळं फुलतात, आपलीच, नेलुम्बो जातीची. १९२१ मध्ये निसर्गविज्ञान शिकलेल्या एका तरुणीने ती लावली, आणि आता ती इतकी माजलीत की दरवर्षी कापून काढावी लागतात. कमळांसाठी आलात तर डास सोसायची तयारी ठेवा.

गोन्झागा घराण्याच्या पलाझो दुकालेत पाचशेच्या वर खोल्या. त्यातली एकच बघायची असेल तर आंद्रेआ मान्तेन्याने १४६५ ते १४७४ मध्ये रंगवलेली. छताच्या मधोमध त्याने आकाशाकडे उघडणारी गोल पोकळी रंगवलीय, कठड्यावरून बायका खाली वाकून हसतायत आणि एक कुंडी अशी कडेला ठेवलीय की खाली उभं राहणाऱ्याने डोकं सांभाळावं. ‘पलाझो ते’ नावाच्या महालातल्या राक्षसांच्या दालनात जुलिओ रोमानोने याच्या पुढची मजल मारली. कोपरे गोलवून भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होतं हेच पुसून टाकलं. रुंद लेन्सला धरायला एकही सरळ रेघ नाही. एखाददुसरा चिरडलेला राक्षस टिपावा आणि बाकी डोळ्यांनी बघावं. सरकारी संग्रहालयांत २०१४ पासून स्वतःपुरते फोटो विनामूल्य आहेत; फ्लॅश, तिपाई आणि सेल्फी-काठी चालत नाही.

पादोव्हात जोत्तोने रंगवलेलं स्क्रोव्हेन्यी चॅपेल (१३०५ च्या सुमाराचं) आरक्षणाशिवाय मिळत नाही. साध्या विटांच्या त्या इमारतीत शिरण्याआधी हवा नियंत्रित केलेल्या खोलीत पंधरा मिनिटं बसवतात, मग आत पंधरा मिनिटं. सगळे निळं छत टिपतात. तुम्ही वेदीच्या कमानीशी दोन्ही बाजूंना रंगवलेल्या रिकाम्या खोल्या शोधा: आत दिवा टांगलेला, खिडकी उघडी, माणूस नाही. धर्माचं एकही चित्र नसलेले ते दोन चौकोन मला अख्ख्या चॅपेलमध्ये सगळ्यात आवडतात.

दिवस कमी पडत असतील तर फेरारा पादोव्हाच्याच मार्गावर आहे, तिथे दोन तास उतरून पुढची गाडी पकडता येते. मांतोवा असा उरकता येत नाही. बोलोन्याहून तिकडे जाताना मोडेनाला गाडी बदलावी लागते. कागदी तिकीट घेतलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का उमटवा, तपासनीस दयामाया दाखवत नाहीत. आणि सोमवारी जाऊ नका. पलाझो दुकाले बंद असतो.